वहिनींच्या माहेरच्या कुळागरात दोन रात्री: तंबू निवडण्याचं एक प्रकरण

फोंड्यातलं पाच माणसांचं कुटुंब, दिवाळीची सुट्टी, सत्तरीत वाळपईच्या पुढे वहिनींच्या माहेरचं कुळागर, म्हणजे पोफळी-केळींची बागायत, आणि तिथे दोन रात्री तंबूत राहायची मुलांची हौस. खर्चाची मर्यादा दहा हजार. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, मोबाइलवर एक तंबू पसंत करूनच माझ्याकडे आला. मी शाळेत गाइडच्या मुलींची शिबिरं घेते, त्यामुळे तंबूचं काही निघालं की नातेवाइकांना माझी आठवण होते. त्याला खरं तर सल्ला नको होता, "हो, घेऊन टाक" एवढंच ऐकायचं होतं.

मी नको म्हटलं. मग त्यावरून बरेच दिवस चर्चा चालली आणि शेवटी जे ठरलं ते पहिल्या पसंतीपेक्षा फारच वेगळं निघालं. ते सगळं मांडायचं कारण एवढंच की गोव्यात तंबू घेणारे बहुतेक लोक दादाच्याच वाटेने जातात. किती माणसांचा, किती रुपयांचा आणि पावसात गळतो का, हे तीन प्रश्न विचारून मोकळे होतात. आतली दमट हवा बाहेर कशी जाणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि आपल्या हवेत पहिला प्रश्न तोच आहे.

माणसं, जागा आणि महिना

दादा बँकेत आहे. आडव्या अंगाचा, आणि घोरतो. वहिनी घरी शिवणकाम करतात; ब्लाउज, शाळेचे गणवेश, त्यांचं मशीन दिवसभर चालू असतं. मुलगा सातवीत, मुलगी दुसरीत. पाचवी मावशी, दादाची आई, पासष्टी उलटलेली आणि उजव्या गुडघ्याने अधू. तिला घरी ठेवायचं असं आधी सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. "तुम्ही रानात जाऊन निजणार आणि मी इथे दार लावून बसू?" असं तिने विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला. पुढे अर्धा निर्णय तिच्या गुडघ्याने घेतला.

मुलाला आधी समुद्रकिनारा हवा होता, तोही गालजीबागचा. तो बेत मी लगेच हाणून पाडला. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांचे अंडी घालण्याचे किनारे. पावसाळा संपून थंडी सुरू झाली की माद्या रात्रीच्या वाळूवर चढतात, आणि उजेड, गडबड दिसली की अंडी न घालताच माघारी फिरतात. शिवाय २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून किनाऱ्यासारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर चूल पेटवणं हा दंडाचा गुन्हा आहे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, आणि सत्तरीतलं बरंच रान २०८ चौरस किलोमीटरच्या म्हादई अभयारण्यात येतं. तेव्हा आपल्याच माणसाची, अभयारण्याच्या हद्दीबाहेरची बागायत हा बिनघोर मार्ग. वर पक्कं घर, खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने पोफळी, केळी, मिरवेली, आणि मध्ये अवजारं ठेवायला कौलारू मांगर. शौचालय वरच्या घरात. शेवटची गोष्ट मी मुद्दाम आधी विचारून घेतली, कारण रात्री मावशीला तो चढ चढायचा होता.

महिना ऑक्टोबरचा शेवट. मोसमी पाऊस आपल्याकडून साधारण ऑक्टोबरच्या मध्याला परततो, असं कागदावर असतं. घाटाच्या पायथ्याशी मात्र त्यानंतरही दुपारी ढग जमतात आणि संध्याकाळी गडगडाटासह तासभर असा कोसळतो की आषाढ परवडला. रात्री पारा २२-२३ अंशांच्या आसपास, म्हणजे थंडी म्हणावी अशी नाही. हवा मात्र ओलीचिंब, पहाटे दव, आणि जमीन चार महिने पाणी पिऊन बसलेली.

दादाने आणलेलं आणि घरच्यांनी सुचवलेलं

दादाने पसंत केलेला तंबू म्हणजे पिशवीतून काढला, दोरी ओढली की छत्रीसारखा उघडणारा. 'सहा माणसांसाठी', किंमत तीन हजारांच्या आत. "अगं, सहाचा आहे, आम्ही पाच. एक जागा उरतेच की!" त्याचं गणित. मी त्याला लांबी-रुंदी वाचायला लावली: २४० बाय २४० सेंटिमीटर. सहा माणसं शेजारी शेजारी घातली तर एकेकाला ४० सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या पट्टीपेक्षा जेमतेम दहा सेंटिमीटर जास्त. मोठ्या माणसाचे खांदेही त्यात मावत नाहीत. बऱ्या कंपन्या माणशी ६० सेंटिमीटर धरतात, तेही लोक एकमेकांना चिकटून निजले आणि सामान बाहेर राहिलं तर. माझा हिशेब असा की तंबूवर लिहिलेल्या आकड्यातून एक वजा करायचा, दादासारखं माणूस असेल तर दोन.

पण माझा खरा आक्षेप जागेवर नव्हता, कापडावर होता. तो तंबू एकाच थराचा. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून कापडावर जो लेप असतो, तो आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. माणूस नुसता पडून राहिला, घाम आला नाही, तरी श्वासातून आणि कातडीतून दिवसाकाठी साधारण ८०० मिलिलिटर पाणी हवेत सोडतो. झोपेच्या आठ तासांत पाव लिटरपेक्षा जरा जास्त. पाच माणसांचं झालं सव्वा लिटरच्या वर. सत्तरीतल्या रात्रीच्या हवेत आधीच बाष्प ठासून भरलेलं, त्यात ही भर. वर उघड्या आभाळाखाली तंबूचं कापड हवेपेक्षाही गार होतं आणि सगळी वाफ त्याला आतून चिकटते. पहाटे कुणी कूस बदलली, कोपर लागलं, की थेंबांची सर अंगावर. लोक उठून म्हणतात, तंबू गळला. गळलेला नसतो.

दोन थरांच्या तंबूत आतला थर जाळीचा किंवा श्वास घेणाऱ्या पातळ कापडाचा असतो, आणि त्याच्यावर काही बोटं अंतर सोडून लेपवाला बाहेरचा थर, ज्याला दुकानात फ्लाय म्हणतात. वाफ जाळीतून निघून फ्लायला आतून लागते आणि त्याच्याच उतारावरून खाली जमिनीत जाते. आतला माणूस कोरडा. फ्लायच्या माथ्यावर झडप हवी आणि तळाशी फ्लाय जमिनीला टेकलेला नको, म्हणजे खालून गार हवा शिरते आणि वरून दमट हवा सुटते. आपल्याकडच्या तंबूत बघायचं ते हे.

दुसरा पर्याय फुकटचा होता. दादाचा एक मित्र जहाजावर असतो. त्याने परदेशात घेतलेला 'फोर सीझन' तंबू माळ्यावर पडून होता. पोल ॲल्युमिनियमचे, शिवण सुरेख, एकूण चीज उत्तम. दादाला वाटलं चार ऋतूंचा म्हणजे आपल्या पावसाळ्यासकट सगळ्याला चालेल. त्यातला चौथा ऋतू म्हणजे बर्फ. वारा आणि हिमकण आत शिरू नयेत म्हणून त्यात जाळी जवळजवळ नाही, फ्लाय पार जमिनीपर्यंत. हिमालयात तो जीव वाचवील. वाळपईला ऑक्टोबरात आतली माणसं मोदकासारखी उकडून निघतील. मित्राचे आभार मानले आणि तंबू माळ्यावरच राहू दिला.

दोन खोल्यांचे मोठे फॅमिली तंबूही मोबाइलवर दिसत होते. किंमत मर्यादेच्या दुपटीहून वर, वजन इतकं की कुळागराच्या पायवाटेवर न्यायला दोन माणसं हवीत. तिथेच विषय संपला.

शाळेचा कॅनव्हासचा तंबू मात्र मी स्वतःच पुढे केला होता. जाड सुती कापड, मधोमध दोन खांब, चारी बाजूंनी दोर. सुती कापड श्वास घेतं, आणि पाऊस लागला की धागे फुगून छिद्रं बुजतात, म्हणून लेप नसतानाही तो सहसा गळत नाही; फक्त पाऊस चालू असताना आतून हात लावायचा नाही, लावला की तिथून झिरपायला लागतं. शिबिराला मला तोच आवडतो. पण त्याला शिवलेली जमीन नाही. खाली ताडपत्री वेगळी अंथरायची, कडेला बोटभर फट राहतेच. वहिनींच्या भावाने फोनवर हे ऐकलं आणि सरळ सांगितलं, "ताई, तो नको. आमच्याकडे मण्यार आहे." मण्यार रात्रीची हिंडते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. त्यात २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. तो पसरतो गोचिडीच्या चाव्यातून, जास्त करून पावसाळा सरल्यावरच्या कोरड्या महिन्यांत. तेव्हा जमीन भिंतींना शिवलेली हवी, चेन पूर्ण बंद व्हायला हवी, आणि पाचोळ्यात लोळलेले कपडे आत न्यायचे नाहीत. कॅनव्हास बाद.

दुकानात

उरले दोन थरांचे घुमट आकाराचे तंबू. ते बघायला सगळेच गेलो, मावशीसकट. मोबाइलवरचं चित्र बघून तंबू घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. निदान एकदा आत जाऊन आडवं व्हावं.

तिथे सगळ्यात उपयोगी पडल्या त्या वहिनी. दुकानातला मुलगा दादाला २००० मिलिमीटरचं महत्त्व समजावत होता. त्या आकड्याचा अर्थ कापडावर पाण्याचा दोन मीटर उंच स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. फ्लायला दीड-दोन हजार पुष्कळ झाले. जमिनीच्या कापडाला त्याहून जास्त लागतात, कारण ओल्या मातीवर गुडघा किंवा कोपर टेकलं की पाणी खालून जोराने वर दाबलं जातं. वहिनी हे सगळं ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे. त्यांनी फ्लाय उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत गेल्या. "सुई गेली म्हणजे भोक पडलं. तुमचं कापड कितीही चांगलं असो, ह्या भोकांचं काय?" दुकानातल्या मुलाने शिवणीवर आतून चिकटवलेली पारदर्शक टेप दाखवली. वहिनींनी ती नखाने एका कोपऱ्यात उचकटून बघितली. जिथे तीन शिवणी एकत्र येतात, दाराच्या चेनच्या वरच्या टोकाला, तिथे एका तंबूची टेप दुमडून वर आली होती. तो त्यांनी बाजूला सारला आणि त्याच किमतीचा दुसरा मागितला. त्यांचं म्हणणं, घाईत शिवलेला गणवेशही काखेतच उसवतो, मधल्या कापडात नाही.

चेनही त्यांनीच तपासल्या. आतल्या दाराच्या दोन कड्या एका जागी भिडल्या की मध्ये भोक राहतं का, हे करंगळी घालून बघायचं. जाळीची वीण डासांपुरती ठीक होती. आमचा मुक्काम किनाऱ्यावर असता तर मी याहून बारीक विणीची जाळी मागितली असती, वाळूतल्या बारीक चावऱ्या माश्यांसाठी. पोल फायबरग्लासचे. ॲल्युमिनियमचे बरे, पण महाग. फायबरग्लास उभा चिरतो आणि त्याच्या कुसळा हातात जातात, म्हणून दुरुस्तीची नळी आणि चिकटपट्टी जवळ ठेवायची. दादाच्या मुलाला लाल रंग हवा होता. आतून काळा लेप असलेले, सकाळी अंधार ठेवणारे तंबूही तिथे होते. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, किंवा वाळूत त्यांचा उपयोग आहे, पोफळीच्या सावलीत त्याचे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? रंगाचं मुलाचं ऐकलं.

मग मावशीची पाळी आली. तीन माणसांच्या त्या तंबूची आतली उंची साधारण १२० सेंटिमीटर. आत ती गेली. आधी बसली, मग सरकत सरकत गादीवर. "बरं आहे की," आतून आवाज आला. बाहेर येताना घोळ झाला. उजवा गुडघा टेकवेना, धरायला काही नाही, पोलला धरलं तर सगळा तंबू तिच्या अंगावर झुकला. वहिनी आणि मी दोघींनी हात देऊन तिला काढली. दिवसाउजेडी, सपाट फरशीवर ही गत, तर रात्री दोनदा उठायचं कसं? दुकानातल्या मुलाने नम्रपणे सुचवलं, "आजींना मांगरात खाट टाकली तर?" मावशीने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

काय ठरलं

एक तंबू विकत, एक भाड्याने. विकत घेतला तो तीन माणसांचा, दोन थरांचा, साडेपाच हजारांच्या आसपास. त्यात दादा आणि मुलगा. १८० सेंटिमीटर रुंदी दोघांत वाटली की माणशी ९०, म्हणजे घरच्या एकेरी खाटेएवढी जागा, आणि सामानाला पायाशी फ्लायखालचा ओटा. भाड्याने घेतला तो चार माणसांचा, आत माणूस उभा राहील इतका उंच, दार मोठं. त्यात मावशी, वहिनी आणि मुलगी. दोन रात्रींचं भाडं हजाराच्या आतबाहेर, अनामत वेगळी. मावशीसाठी घरातलं प्लास्टिकचं बुटकं स्टूल आणि गुडघ्याएवढ्या उंचीची दुमडती खाट.

उंच तंबू वाऱ्यात जास्त डुलतो, म्हणून उघड्यावर मी तो कधीच सुचवत नाही. कुळागर खोलगट, तिन्ही बाजूंनी झाडं, वारा अडलेला. म्हणून चाललं. भाड्याचंही कारण साधं: मावशी दरवर्षी येईल की नाही हे तिलाही माहीत नव्हतं, आणि वर्षातून एकदा लागणारा मोठा तंबू फोंड्याच्या दमट घरात सांभाळणं हे वेगळंच काम आहे.

दादाची शेवटची तक्रार अशी की कुटुंब दोन तंबूंत वाटलं गेलं. वहिनी म्हणाल्या, "तुमचं घोरणं दुसऱ्या तंबूत, मला चालेल." मतदान तिथेच संपलं.

निघण्याआधी अंगणात

दोन्ही तंबू आधी दादाच्या अंगणात उभे केले. आत जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली, बाहेरून झाडांना पाणी घालायची नळी फ्लायवर उंच धरून वीसेक मिनिटं सोडली. वर्तमानपत्र अशासाठी की ओल कुठे लागली ते कागद लगेच गडद होऊन सांगतो, हाताला तेवढं कळत नाही. विकतचा तंबू कोरडा राहिला, वहिनींच्या अंगठ्याची मेहरबानी. भाड्याच्या तंबूत एका कोपऱ्यात तळहाताएवढा डाग पडला. शिवण बरी होती, पण त्या बाजूचा दोर ढिला होता, फ्लाय आतल्या जाळीला चिकटला होता आणि दोन थरांमधलं अंतरच गेलं होतं. दोर ताणून पुन्हा पाणी सोडलं, डाग वाढला नाही. दोन थरांचा तंबू सैल बांधला की तो एका थराचाच होतो, हे मुलाला तिथे नीट समजलं, आणि पुढे दोन्ही रात्री संध्याकाळी दोर ताणायचं काम त्याने आपण होऊन केलं. पॉलिएस्टर ओलं झाल्यावर फारसं सैलावत नाही, नायलॉन बरंच सैलावतं. आपला कशाचा आहे ते माहीत असावं.

तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या बारीक मेखा मी घरीच ठेवायला लावल्या. कुळागराच्या मऊ मातीत त्या लोण्यात गेल्यासारख्या जातात आणि तशाच बाहेर येतात. त्यांच्याऐवजी वहिनींच्या भावाने बांबूच्या वीतभर लांब खुंट्या तासून ठेवल्या. मेख तंबूपासून दूर कललेली ठोकायची, सरळ उभी नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर हे सगळं फुकट, तिथे मोठे दगडच बांधावे लागतात. वाळूत वाळूने भरलेल्या पिशव्या पुरायच्या. घुमटाचा फायदा हा की मेखा नसल्या तरी तो निदान उभा तरी राहतो.

कुळागरात

पहिल्या दिवशी तंबू उभारायला मी बरोबर गेले होते. वहिनींच्या भावाने तीन जागा दाखवल्या. व्हाळाच्या काठची पोफळीखालची जागा सगळ्यांना आवडली: गार, पाण्याचा आवाज, फोटोला झकास. पण वर घाटात पाऊस पडला की व्हाळाला बघता बघता पाणी चढतं, आणि खाली आकाश निरभ्र असलं तरी चढतं. शिवाय वर पोफळ आणि दोन माड. सुकलेलं चुडत किंवा नारळ वरून आला तर तंबूचं कापड कसलं आलंय अडवायला! दुसरी जागा कापणी झालेला भाताचा कुणगा. सपाट, उघडा, पण ताज्या कापलेल्या भाताची खुंटं सुरीसारखी, आणि बांधामुळे पाणी तिथेच थांबणार. त्याचं कामच पाणी धरून ठेवायचं. तिसरी जागा मांगरामागचा थोडा उंच उतार, दिसायला अगदी साधी, मागे केळी. तिथेच दोन्ही तंबू लावले, दारं उताराच्या खालच्या दिशेला, एकमेकांसमोर नाही पण हाकेच्या अंतरावर.

मी संध्याकाळी फोंड्याला परतले. पहिल्या रात्री पाऊस नव्हता, दव होतं. सकाळी दादाचा फोन: फ्लायला आतून हात लावला तर हात निथळला, आतली चादर मात्र कोरडी. हे त्याने असं सांगितलं जणू तंबूची निवड त्याचीच होती. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर ढग भरून आले. दादाच्या फोनवर दामिनी ॲप होतं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विजेच्या इशाऱ्यासाठी केलेलं. त्यात इशारा आला तशी सगळी मंडळी वरच्या पक्क्या घरात गेली. हे मी आधीच बजावलं होतं: वीज पडायला लागली की तंबू काही कामाचा नाही, मांगरही नाही. पक्कं घर किंवा बंद मोटार. मुलगा हिरमुसला, त्याला पावसात तंबूतच बसायचं होतं. जवळजवळ दोन तास पाऊस झाला. कडकडाट थांबल्यावर रिमझिमीत सगळे खाली उतरले आणि रात्र तंबूतच काढली.

त्या रात्री एक गोष्ट बिनसली. मोठ्या तंबूत मुलीच्या बाजूची जमीन खालून ओली झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाड्याचा तंबू परत न्यायला गेले तेव्हा बघितलं. खालची निळी ताडपत्री तंबूपेक्षा हातभर मोठी होती आणि वरच्या अंगाला बाहेर आलेली होती. कुणीतरी, बहुधा मुलाने, चपला ठेवायला चांगली जागा म्हणून ती मुद्दाम बाहेर ओढली होती. फ्लायवरून ओघळलेलं पाणी त्या बाहेरच्या पट्ट्यावर पडलं आणि उताराने सरळ तंबूच्या खाली, ताडपत्री आणि तंबूची जमीन यांच्या मध्ये जाऊन साचलं. मी तंबूचा कोपरा उचलला तर खाली पाण्याचं डबकं, त्यात दोन केळीची पानं आणि एक बेडूक. जमिनीचं कापड जाड होतं म्हणून चादर फक्त दमट झाली, भिजली नाही. ताडपत्री नेहमी तंबूपेक्षा चारी बाजूंनी बोट-दोन बोटं लहान, जास्त झाली तर आत दुमडलेली. मुलाने बेडकाला केळीत सोडलं आणि ताडपत्री कुणी ओढली याची चौकशी होण्याआधी व्हाळावर पळाला.

मावशीचं म्हणाल तर स्टूल आणि खाटेचं काम चोख झालं. रात्री ती दोनदा उठली, उभी राहून दार उघडलं, स्टुलावर बसून चपला घातल्या, आणि वहिनींना हाक मारून बॅटरीच्या उजेडात वर जाऊन आली. तिची एकच तक्रार: उंच तंबूत वरून थोडी गार झुळूक लागते, शाल हवी होती.

परत आल्यावर

गोव्यात तंबू मरतो तो बहुतेक वेळा वापराने नाही, माळ्यावर. पॉलियुरेथेनचा लेप दमट, बंद पिशवीत राहिला की हळूहळू विरघळल्यासारखा होतो. कापड हाताला चिकटायला लागतं, आंबूस वास येतो, आणि मग तो धुऊन, वाळवून काही परत येत नाही. म्हणून फोंड्याला आल्या आल्या विकतचा तंबू गॅलरीत दोरीवर घातला. उन्हात नाही, सावलीत, कारण कडक ऊन कापड कुजवतं. दोन दिवस उलटसुलट केला, चेनमधली माती जुन्या टूथब्रशने काढली. पोल वेगळे ठेवले, मधल्या दोरीवर ताण राहू नये म्हणून अर्धे जोडून. मूळची घट्ट पिशवी बाजूला ठेवून तंबू वहिनींनी शिवलेल्या जुन्या चादरीच्या सैल खोळीत भरला आणि माळ्याऐवजी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. आषाढ-श्रावणात महिन्यातून एकदा काढून पंख्याखाली पसरायचा, असं मुलाच्या अंगावर टाकलं आहे.

भाड्याचा तंबू मात्र ओला परत द्यायचा नाही, असं दुकानदाराने पावतीवरच लिहिलं होतं. तो दादाच्या गॅलरीत मावेना, म्हणून माझ्या घराच्या गच्चीवर सुकवला आणि दुसऱ्या दिवशी देऊन अनामत परत घेतली.

आता दादा पुन्हा मोबाइल घेऊन आला आहे. मे महिन्यात काणकोणला, मावशीशिवाय, सड्यावर एक रात्र. हाच तंबू चालेल का, की आणखी एक घेऊ? तंबू हाच चालेल. मेखांऐवजी दोऱ्यांना दगड, रात्री दोन्ही दारांची फक्त जाळी लावलेली, फ्लाय अर्धा वर गुंडाळून हाताशी, कारण मेच्या अखेरीला वळवाचा पाऊस येऊ शकतो. सकाळी सातनंतर आत कुणी झोपू शकणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. जागा सरकारी असेल तर परवानगी, खाजगी असेल तर मालकाचा होकार. नवीन काही घ्यायचंच असेल तर तंबूपेक्षा सावलीसाठी एक चांगली ताडपत्री घ्या, सहा बाय चार मीटरची, चारी कोपऱ्यांना कड्या असलेली.